डीएनएस कोणाच्या हाती द्यायचा?

एखादं साधं बातमीचं पान उघडलं, तरी तुमचा फोन फक्त त्या एका संकेतस्थळाचा पत्ता विचारून थांबत नाही. चित्रं दुसऱ्याच सर्व्हरवर असतात, फाँट तिसरीकडून येतो, जाहिराती चौथीकडून, आणि वाचक पानावर किती वेळ रेंगाळला हे मोजणारी यंत्रणा आणखी कुठेतरी. या प्रत्येक नावासाठी एक प्रश्न जातो: या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा आकड्यांतला पत्ता, काय? पान पूर्ण दिसेपर्यंत असे दहा-वीस प्रश्न सहज विचारून होतात. या प्रश्नोत्तरांच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात आणि तुमच्या वतीने उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरला रिझॉल्व्हर.

हा रिझॉल्व्हर कोणाचा, असा प्रश्न बहुतेकांना आयुष्यात एकदाही पडत नाही. इंटरनेटची जोडणी घेतली की ती देणारी कंपनी स्वतःचाच रिझॉल्व्हर लावून देते. सगळं सुरळीत चालतं, मग कोण कशाला बघतंय?

रिझॉल्व्हरकडे साठणारी नोंद दिसायला अगदी नीरस असते. वेळ, विचारणाऱ्याचा आयपी पत्ता, विचारलेलं नाव. बस. पण अशा ओळी एकाखाली एक लावा. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी एका घरातून वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं नाव विचारलं गेलं. १ वाजून ५२ मिनिटांनी कर्ज देणाऱ्या कंपनीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी नोकऱ्यांच्या दोन संकेतस्थळांची नावं. त्या पानांवर काय वाचलं हे नोंदीत कुठेच नाही, पण असायची गरज तरी कुठे आहे? शिवाय माणूस झोपला तरी उपकरणं जागीच असतात. टीव्ही, कॅमेरा, घड्याळ, फोनमधली अ‍ॅप्स आपापल्या कंपन्यांच्या सर्व्हरची नावं दिवसरात्र विचारत राहतात. घरात कोणत्या कंपनीचा टीव्ही आहे, फोनवर कोणती अ‍ॅप्स आहेत, माणसं साधारण किती वाजता घरी येतात, याचा बऱ्यापैकी अंदाज नुसत्या या नावांवरून बांधता येतो.

सगळं उघड्यावर

डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि आजही जिचा आधार घेतला जातो ती मानकं १९८७ मध्ये आली. तेव्हा जाळ्यावर होती ती मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था, त्यामुळे कोणी चोरून ऐकेल ही चिंता रचनेत नव्हती. प्रश्न आणि उत्तर दोन्ही साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात जातात, ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकाचं एक क्रमांकित दार). पुढे एचटीटीपीएस आलं, पानावरचा मजकूर कुलुपात गेला, पण पान उघडण्याआधीचा प्रश्न उघडाच राहिला.

उघडा प्रश्न वाटेतल्या कोणालाही वाचता येतो, हे तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे त्याचं उत्तर बदलता येतं. पत्ता टाइप करताना अक्षर चुकलं तर ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हे खरं उत्तर; त्याऐवजी जाहिरातींनी भरलेलं पान समोर आणायचा उद्योग इंटरनेट कंपन्यांनी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं केला. आणि उत्तर बदलण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुर्कीतलं. मार्च २०१४ मध्ये तिथे ट्विटरवर बंदी आली, आणि ती सुरुवातीला स्थानिक रिझॉल्व्हरांमार्फतच राबवली गेली. लोकांनी लगेच गूगलच्या रिझॉल्व्हरचा आधार घेतला, ८.८.८.८ हे आकडे भिंतींवर रंगवले गेले. काही दिवसांतच गूगलने जाहीर केलं की तुर्कीतल्या इंटरनेट कंपन्या त्यांच्या डीएनएसकडे जाणारी वाहतूक मध्येच वळवत आहेत. म्हणजे लोक आकडे बरोबर टाकत होते, पण त्या आकड्यांच्या नावाने उत्तर देणारा भलताच होता.

या घटनेतली गोम अशी की साध्या डीएनएसमध्ये समोरचा रिझॉल्व्हर खरा की तोतया हे ओळखायची सोयच नाही. म्हणूनच राउटरमध्ये नुसते आकडे बदलून ‘मी आता सुरक्षित डीएनएस वापरतो’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. काही नव्या प्रणाली आणि ब्राउझर ओळखीचे आकडे दिसले की स्वतःहून एन्क्रिप्शनकडे वळतात, पण ते होतंय असं गृहीत धरू नये. प्रश्न कंपनी बदलूनही उघडाच जात असेल, तर जुनी कंपनी तो पूर्वीसारखाच वाचू शकते आणि वर नवीही वाचते. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

एन्क्रिप्टेड डीएनएस या दोन्ही गोष्टींवर उपाय करतो. प्रश्न कूटबद्ध होऊन जातो आणि रिझॉल्व्हरला प्रमाणपत्राने आपली ओळख पटवावी लागते. त्याचे प्रकार तीन-चार आहेत. डीओटी हे २०१६ मधलं मानक. ते ८५३ क्रमांकाचं वेगळं पोर्ट वापरतं. डीओएच २०१८ मधलं. त्यात डीएनएसचा प्रश्न साध्या वेब वाहतुकीसारखा ४४३ पोर्टवरून जातो. डीओक्यू २०२२ मधलं, क्विक या नव्या वाहतूक पद्धतीवर बेतलेलं. डीएनएसक्रिप्ट या सगळ्यांच्या आधीपासून आहे, पण ते वापरणारी मंडळी थोडी आणि बहुधा तंत्रज्ञ. वेगळं पोर्ट वापरत असल्यामुळे डीओटी एखाद्या जाळ्यावर अडवणं सोपं जातं आणि डीओएच बाकीच्या गर्दीत मिसळून जातं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. ‘डीओटी चांगलं की डीओएच’ या वादात लोक तासन्‌तास घालवतात. खासगीपणाच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. खरा प्रश्न पुढे आहे.

कुलूप लागलं, पण आत कोण बसलंय?

एन्क्रिप्शन तुमच्या उपकरणापासून रिझॉल्व्हरपर्यंतच असतं. तिथे पोहोचल्यावर प्रश्न उघडावाच लागतो. त्याशिवाय उत्तर कसं देणार? म्हणजे वाटेतल्या सगळ्यांना ताकास तूर लागू दिली नाही, तरी रिझॉल्व्हर चालवणाऱ्याला सगळं दिसतं. आतापर्यंत तुमच्या नावांची यादी इंटरनेट कंपनीकडे जात होती. आता ती तुम्ही निवडलेल्या संस्थेकडे जाते. पाळत संपली असं नाही, पाळत ठेवू शकणारा बदलला. तो निवडण्याचा हक्क तुमच्याकडे आला, हा मोठाच फायदा. पण हक्क नीट वापरला नाही तर कुंपणच शेत खाईल.

या मुद्द्यावरून जाहीर भांडणंही झाली आहेत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने डीओएच आणायचं ठरवलं, तेव्हा २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने तिला चक्क ‘इंटरनेटचा खलनायक’ या पुरस्कारासाठी नामांकन दिलं. त्यांचं म्हणणं, यामुळे मुलांच्या संरक्षणासाठी लावलेले फिल्टर निकामी होतील. टीका झाल्यावर नामांकन मागे घेतलं गेलं. फेब्रुवारी २०२० पासून अमेरिकेतल्या फायरफॉक्समध्ये डीओएच आपोआप सुरू होऊ लागलं, आणि तिथे मूळ निवड होती क्लाउडफ्लेअर या बड्या जाळं-कंपनीचा रिझॉल्व्हर. यावर दुसऱ्या बाजूने आलेला आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: हजारो छोट्या कंपन्यांकडे विखुरलेली माहिती दोन-चार बड्या कंपन्यांकडे गोळा व्हावी, हे खासगीपणाच्या कोणत्या व्याख्येत बसतं? याचं एकच एक उत्तर नाही. जिची इंटरनेट कंपनी नोंदी विकते तिला क्लाउडफ्लेअर नक्की बरं. ज्याची इंटरनेट कंपनी कडक कायद्याखाली आहे आणि नोंदी ठेवतच नाही, त्याने ते सोडून दुसरीकडे जावंच असं नाही.

धोरणाची भाषा वाचताना

‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो’ हे वाक्य सगळेच लिहितात, त्यामुळे त्याला किंमत शून्य. बघायचं ते असं: विचारणाऱ्याचा आयपी पत्ता कुठे लिहिला जातो का, लिहिला तर किती काळ राहतो, आणि तो विचारलेल्या नावाशी जोडलेला असतो का.

गूगलचा सार्वजनिक डीएनएस डिसेंबर २००९ पासून आहे. त्याच्या धोरणात दोन प्रकारच्या नोंदी सांगितल्या आहेत. तात्पुरत्या नोंदींमध्ये पूर्ण आयपी पत्ता असतो आणि त्या २४ ते ४८ तासांत पुसल्या जातात. कायमच्या नोंदींमध्ये आयपी पत्ता नसतो, पण शहर किंवा प्रदेशाच्या पातळीवरचं ठिकाण असतं. या नोंदी तुमच्या गूगल खात्याच्या माहितीशी जोडत नाही, असंही कंपनी लिहिते. हे वाईट धोरण नाही. अनेक इंटरनेट कंपन्यांपेक्षा ते स्पष्ट आहे. तरी ज्या कंपनीचा मुख्य धंदाच जाहिरातींचा, जिच्याकडे तुमची शोधयंत्रणा, टपाल आणि फोन आधीच आहे, तिच्याच हातात हाही धागा द्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी देणार नाही.

क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ सेवा १ एप्रिल २०१८ ला सुरू झाली. विचारणाऱ्याचा आयपी पत्ता डिस्कवर साठवत नाही आणि नोंदी २५ तासांत पुसतो, असं तिचं वचन आहे, आणि केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेने केलेल्या तपासणीचा अहवाल कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हे मोलाचं, कारण या क्षेत्रात शब्द देणारे पुष्कळ आणि तो बाहेरच्या कोणाकडून तपासून घेणारे थोडे. पण त्याच धोरणात खाली आणखी एक ओळ आहे: एकूण वाहतुकीपैकी जास्तीत जास्त ०.०५ टक्के पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात, त्यात आयपी पत्ताही असतो, आणि ते जाळ्यातले बिघाड शोधायला व हल्ले थोपवायला वापरले जातात. यात काही भयंकर नाही. एवढं मोठं जाळं चालवणाऱ्याला अशी चाचपणी लागतेच. सांगायचं एवढंच की ‘साठवत नाही’ या शब्दांच्या आजूबाजूची वाक्यंही वाचावी लागतात. ज्याने अपवाद उघड लिहिला आहे त्याच्यावर माझा विश्वास थोडा वाढतोच. एकही अपवाद न सांगणाऱ्या तीन ओळींच्या धोरणाकडे मी जास्त संशयाने बघतो.

क्वाड नाइन, म्हणजे ९.९.९.९, नोव्हेंबर २०१७ मध्ये आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाउस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी मिळून सुरू केली. ती नफा न कमावणारी संस्था आहे आणि २०२१ मध्ये तिने आपलं कायदेशीर ठाणं स्वित्झर्लंडला, झुरिकला हलवलं. आयपी पत्त्यांची नोंद ठेवत नाही, हे तिचं मूळ सूत्र. फसवणूक आणि घातक सॉफ्टवेअर पसरवणारी नावं ती अडवते. अमुक घातक नाव किती वेळा विचारलं गेलं ही आकडेवारी सुरक्षा संशोधन करणाऱ्या भागीदारांना मिळते, विचारणारा कोण हे मात्र मिळत नाही. स्वीडनमधल्या मुलवाडची मुख्य कमाई व्हीपीएनची, म्हणजे तुमची सगळी वाहतूक कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेची. डीएनएस तिने सगळ्यांना फुकट खुला ठेवला आहे, त्यासाठी खातंही लागत नाही. तिचा डीएनएस फक्त एन्क्रिप्टेड मार्गानेच चालतो, उघड्या प्रश्नांना तो उत्तर देत नाही. मला ही शिस्त आवडते: चुकूनही उघडं राहायची सोय नाही. खोट एवढीच की सर्व्हर मोजक्याच शहरांत आहेत, त्यामुळे दूरच्या वापरकर्त्याला उत्तर यायला किंचित उशीर लागतो.

नेक्स्टडीएनएस आणि अ‍ॅडगार्ड यांचा पिंड वेगळा. तिथे खातं उघडून जाहिराती वगैरेंच्या नावांच्या कोणत्या याद्या अडवायच्या, कोणती अ‍ॅप्स बंद ठेवायची हे ठरवता येतं, आणि कोणतं उपकरण रात्री काय विचारत होतं हेही बघता येतं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याचे डोळे विस्फारतात. आपला टीव्ही इतका बोलका आहे हे कोणाला माहीत असतं! पण ही सोय मिळते ती नोंदी ठेवल्यामुळेच, आणि त्या नोंदी तुमच्या खात्याला जोडलेल्या असतात. नेक्स्टडीएनएसमध्ये नोंदी पूर्ण बंद करता येतात, किती काळ ठेवायच्या आणि कोणत्या भागातल्या सर्व्हरवर ठेवायच्या हेही निवडता येतं. सुरुवातीचे काही दिवस नोंदी चालू ठेवून काय अडतंय ते बघावं आणि मग त्या बंद कराव्यात, हे शहाणपणाचं. खातं उघडून ते सेटिंग विसरून जाणारेच जास्त.

पैसे कोण देतं आणि न्यायालय कोणाचं

फुकट ते पौष्टिक ही म्हण इथे जरा जपून वापरावी. रिझॉल्व्हर चालवायला खर्च येतो: जगभर सर्व्हर, वीज, माणसं, हल्ल्यांपासून बचाव. तो कुठून भागतो हे सेवेच्या संकेतस्थळावर स्पष्ट दिसलं पाहिजे. क्वाड नाइनला देणग्या आणि प्रायोजक, मुलवाडला व्हीपीएनचे ग्राहक, नेक्स्टडीएनएस आणि अ‍ॅडगार्डला पैसे भरून घ्यायच्या योजना, क्लाउडफ्लेअरला मोठे व्यावसायिक ग्राहक. हे पटण्यासारखे हिशेब आहेत. जिथे चालवणाऱ्याचं नाव नाही, देश नाही, पैशांचा स्रोत नाही आणि ‘एकही नोंद ठेवत नाही’ एवढीच पाटी आहे, तिथे थांबू नका. छंद म्हणून एकट्याने चालवलेले काही रिझॉल्व्हर उत्तम आहेत हे खरं, पण ते पारखायला त्या माणसाची आणि त्याच्या कामाची ओळख लागते. नव्याने या वाटेला लागलेल्याने त्यात पडू नये.

देशाचा प्रश्न लोक बहुतेक वेळा चुकीच्या अंगाने विचारतात. अमुक देशात गुप्तहेर संस्था आहेत का, तर त्या सगळीकडेच आहेत. न्यायालयाचा आदेश आला की ही संस्था काय करते, आणि द्यायला तिच्याकडे मुळात असतं काय, हे बघावं. सोनी म्युझिकच्या दाव्यावरून हॅम्बर्गच्या न्यायालयाने २०२१ मध्ये क्वाड नाइनला चोरीच्या संगीताशी संबंधित एक नाव अडवायचा आदेश दिला. प्रकरण पुढे लाइपझिगला गेलं, तिथेही २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला. संस्था लढत राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात निकाल तिच्या बाजूने लागला. फ्रान्समध्ये असाच अडवणुकीचा आदेश २०२४ मध्ये आला, तेव्हा सिस्कोच्या मालकीच्या ओपनडीएनएसने तिथली सेवाच बंद करून टाकली. दोन संस्था, दोन स्वभाव.

आणि ‘द्यायला आहे काय’ याचा दाखला मुलवाडचा. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचा आदेश घेऊन गोथेनबर्गच्या कार्यालयात आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना हवे होते. अशी माहिती ठेवलीच जात नाही हे दाखवून दिल्यावर ते हात हलवत परत गेले. ती झडती डीएनएससाठी नव्हती, व्हीपीएनसंबंधी होती, पण तत्त्व तेच. जी नोंद लिहिलीच नाही ती कोणत्याही आदेशाने मिळत नाही, आणि हॅकरने चोरायचं म्हटलं तरी सापडत नाही.

रिझॉल्व्हरच्या पलीकडे

रिझॉल्व्हर तुमचं उत्तर स्वतःच्या मनाने देत नाही. तो पुढे मूळ सर्व्हर, मग त्या नावाच्या शेवटच्या भागाचा सर्व्हर, मग प्रत्यक्ष त्या संकेतस्थळाचा सर्व्हर अशी विचारणा करत जातो, आणि हा पुढचा प्रवास अजूनही बहुतांशी उघडाच असतो. दिलासा एवढाच की तिथे विचारणारा म्हणून रिझॉल्व्हरचा पत्ता दिसतो, तुमचा नाही.

पण इथे एक फट आहे, आणि जाहिरातवजा तुलनांमध्ये ती कोणी सांगत नाही. ईसीएस नावाची एक सोय आहे, तिच्यात रिझॉल्व्हर तुमच्या आयपी पत्त्याचा मोठा भाग पुढच्या सर्व्हरला कळवतो. हेतू चांगला: व्हिडिओ किंवा मोठ्या फाइली तुमच्या जवळच्या सर्व्हरवरून याव्यात. मात्र त्यामुळे तुम्ही साधारण कोणत्या जाळ्यावर आहात हे ज्याला कळायचं कारण नव्हतं त्यालाही कळतं. गूगल ही सोय वापरतं. क्लाउडफ्लेअर ती वापरत नाही. क्वाड नाइनच्या ९.९.९.९ वर ती नाही, ज्यांना हवी त्यांच्यासाठी ९.९.९.११ हा वेगळा पत्ता आहे. व्हिडिओ अडखळत असतील तरच त्या वाटेला जावं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे क्यूनेम मिनिमायझेशन. नाव अवजड आहे, काम सोपं: प्रत्येक टप्प्यावर लागेल तेवढाच नावाचा तुकडा विचारायचा. मूळ सर्व्हरला नावाचा शेवटचा भाग पुरतो, त्याला पूर्ण नाव सांगायचं कारण नाही. चांगले रिझॉल्व्हर हे करतात. डीएनएससेक मात्र लोक उगाच खासगीपणाच्या यादीत घालतात. त्याने उत्तरावरची सही तपासता येते, प्रश्न लपत नाही. असावं, पण त्याचं काम वेगळं.

जे लपत नाही

एन्क्रिप्टेड डीएनएस लावल्यावरही इंटरनेट कंपनीला तुम्ही ज्या आयपी पत्त्याशी जोडले जाता तो दिसतोच. शिवाय एचटीटीपीएसची जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचं नाव बहुतेक वेळा एकदा उघड बोललं जातं. ते झाकणारं ईसीएच नावाचं तंत्र क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून आलं आहे, पण ते चालायला समोरच्या संकेतस्थळाचीही तयारी लागते, आणि बरीचशी संकेतस्थळं अजून तयार नाहीत. तेव्हा डीएनएस बदलून कोणी अदृश्य होत नाही. घाऊक पाळतीचा सगळ्यात स्वस्त मार्ग बंद होतो आणि उत्तरं बदलण्याचा खेळ थांबतो, एवढं नक्की. ज्याच्या जिवाला पाळतीमुळे धोका आहे त्याने टॉरसारख्या, वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या साधनांकडे जावं, डीएनएसच्या सेटिंगवर भिस्त ठेवू नये.

प्रश्न विचारणारा कोण आणि प्रश्न काय, या दोन गोष्टी एकाच संस्थेला कळू नयेत, असंही तंत्र आहे. ओडीओएचमध्ये मध्ये एक प्रॉक्सी असते. तिला तुमचा पत्ता दिसतो पण प्रश्न दिसत नाही, आणि रिझॉल्व्हरला प्रश्न दिसतो पण पत्ता दिसत नाही. अनॉनिमाइझ्ड डीएनएसक्रिप्ट याच धर्तीचं. कल्पना अप्रतिम, पण बहुतेक फोनमध्ये एका बटणावर ती अजून मिळत नाही. उलट घरीच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवणं हा कमाल खासगीपणा मानला जातो, तो तसा नाही. मधला माणूस गेला हे खरं, पण मग तुमचेच प्रश्न तुमच्याच पत्त्यावरून उघड्या मजकुरात सगळीकडे जातात.

लावताना घोळ कुठे होतो

अँड्रॉइडमध्ये ९ व्या आवृत्तीपासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ असतो. त्यात तीन पर्याय: बंद, आपोआप, आणि सेवा देणाऱ्याचं होस्टनेम (त्याच्या सर्व्हरचं नाव). बहुतेकांकडे ‘आपोआप’ असतं आणि लोकांना वाटतं काम झालं. ‘आपोआप’चा अर्थ असा की जमलं तर एन्क्रिप्शन, नाही जमलं तर गुपचूप उघडा प्रश्न. तिसरा पर्याय निवडून सेवेच्या संकेतस्थळावर दिलेलं होस्टनेम टाकलं, तरच सक्ती होते. इथे आयपीचे आकडे चालत नाहीत, नावच लागतं. सक्तीची किंमतही आहे: हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायवर लॉगिनचं पान काही वेळा उघडतच नाही. तेवढ्यापुरतं ते बंद करावं, लॉगिन झालं की परत लावावं. परत लावायचं विसरू नये, हाच काय तो पथ्याचा भाग.

आयफोनमध्ये आयओएस १४ पासून ही सोय आहे, पण ती सेवेच्या अ‍ॅपमधून किंवा प्रोफाइल उतरवून बसवावी लागते. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएसचे आकडे टाकायची जागा दिसते. ती त्या एकाच वायफायपुरती, मोबाइल डेटावर तिचा उपयोग नाही. प्रोफाइल मात्र सेवेच्या अधिकृत पानावरूनच घ्या. भलत्याने बनवलेलं प्रोफाइल बसवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. विंडोज ११ मध्ये पत्ता हाताने भरताना एन्क्रिप्शन चालू करावं लागतं. उघड्या मार्गावर परत जायची मुभा देणारा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा. फायरफॉक्समध्ये डीओएचच्या पातळ्या आहेत, त्यांतली कमाल संरक्षणाची पातळीच उघडा मार्ग पूर्ण बंद करते. ब्राउझरमधलं सेटिंग फक्त त्या ब्राउझरपुरतं असतं, बाकीची अ‍ॅप्स जुन्याच रिझॉल्व्हरकडे जात राहतात.

आणखी एक नेहमीचा घोळ: दोन जागा दिसल्या की लोक पहिलीत क्वाड नाइन आणि दुसरीत गूगल भरतात, ‘एक बंद पडला तर दुसरा’ म्हणून. प्रणाली दुसरा पत्ता फक्त अडचणीतच वापरेल याची खात्री नसते. तुमचे प्रश्न दोघांकडे वाटले जातात, आणि घातक नावांचा फिल्टरही अर्धामुर्धा होतो. दोन्ही जागी एकाच सेवेचे पत्ते टाका. तरीही बंद पडण्याची भीती खोटी नाही. १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ तासभर जगभर ठप्प होता. युरोपातली डीएनएस झिरो ही चांगली, नफा न कमावणारी सेवा तर बंदच झाली. म्हणून दुसऱ्या एका सेवेचं होस्टनेम कुठेतरी लिहून ठेवा. डीएनएस बंद पडल्यावर ते इंटरनेटवर शोधता येणार नाही!

माझी स्वतःची निवड विचाराल तर घरच्या सगळ्यांच्या फोनवर क्वाड नाइन: संस्थेचा हिशेब उघड आहे, नोंद ठेवत नाही, आणि फसवी संकेतस्थळं अडवण्याचा फायदा ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनाही मिळतो. फिल्टर नको आणि नोंदही नको असं म्हणणाऱ्याला मुलवाडचा साधा पर्याय. याद्यांशी खेळायची हौस असेल तर नेक्स्टडीएनएस, नोंदी बंद करून. क्लाउडफ्लेअर वेगासाठी चांगला आहे, आणि त्याचा तपासणी अहवाल ही जमेची बाजू. पण वेबचा मोठा भाग आधीच ज्याच्या जाळ्यातून जातो त्यालाच नावांची यादीही द्यायला माझं मन होत नाही.

लावून झालं की खात्री करून घ्या. क्वाड नाइन आणि क्लाउडफ्लेअर यांची स्वतःची तपासणीची पानं आहेत, आणि डीएनएस गळती तपासणारी पानंही मिळतात. त्यात तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव अजून दिसत असेल तर सेटिंग कुठेतरी लागलेलं नाही, बहुधा ब्राउझरने स्वतःचं वेगळं धरलेलं असतं. कार्यालयाच्या संगणकावर मात्र हे प्रयोग करू नका. तिथली आतली नावं बाहेरच्या रिझॉल्व्हरला ठाऊक नसतात आणि अर्धी कामं अडतात. व्हीपीएन वापरत असाल तर वेगळा डीएनएस लावूच नका. चांगल्या व्हीपीएनचे प्रश्न त्याच्याच बोगद्यातून त्याच्याच रिझॉल्व्हरकडे जातात, आणि त्या कंपनीला तुमची बाकीची वाहतूक दिसू शकतेच. वर आणखी एकाला नावांची यादी कशाला द्यायची?